बहिणीच्या न्याहारीसाठी केलेले टेबल

पलंगाच्या उशाशी ठेवायच्या टेबलाला आपल्या घरांत फारसे कोणी मोजत नाही. पाण्याचा तांब्या, चष्मा, तस्बीह, औषधांची पाकिटे आणि आता मोबाइलचा चार्जर, एवढे ठेवायला ते लागते. नवे फर्निचर घरी आले की पाहुणे सोफ्याचे कौतुक करतात, कपाटाचे दरवाजे उघडून बघतात. या टेबलाकडे कोणी वळूनही बघत नाही. म्हणूनच या वेळी सदरात अशाच एका टेबलाची हकिकत सांगायचे आम्ही ठरवले आहे. लोखंडी नळी आणि काच, एवढेच त्यात आहे. साधारण 1927 साली ते फ्रान्समध्ये तयार झाले आणि आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात ते आहे. ते करणाऱ्या बाईंचे नाव आयलीन ग्रे.

आधी टेबल कसे आहे ते पाहू. वर गोल काच, साधारण 51 सेंटीमीटर रुंदीची, म्हणजे आपल्या मोठ्या थाळ्यापेक्षा थोडी मोठी. काचेला कडेने पोलादी नळीचे कडे. खाली जमिनीवर तसेच दुसरे कडे, पण ते पूर्ण नाही, एका बाजूने उघडे. इंग्रजी 'सी' अक्षर आडवे ठेवावे तसे. वरचे आणि खालचे कडे जोडणारा उभा आधार मधोमध नाही, एका अंगाला आहे. सगळी करामत इथेच आहे. चार पायांचे टेबल पलंगाला चिकटवून ठेवता येते, पलंगावर आणता येत नाही. या टेबलाचे खालचे कडे पलंगाखाली सरकवले की वरची काच थेट गादीवर, बसलेल्या माणसाच्या पुढ्यात येते. वरचे ओझे खालच्या कड्याच्या बरोबर वर पडते, त्यामुळे आधार एकाच बाजूला असूनही टेबल कलंडत नाही.

दुसरी सोय उंचीची. उभ्या आधारात नळी वर-खाली सरकते. तिला ओळीने भोके आहेत, आणि भोकात घालायची खीळ बारीक साखळीने टेबलालाच बांधलेली आहे, हरवू नये म्हणून. खीळ काढायची, काच हवी तितकी वर घ्यायची, खीळ पुन्हा घालायची. दोन फुटांच्या थोडे वरपासून सव्वातीन फुटांपर्यंत उंची मिळते. ना पाना लागतो, ना स्क्रू, ना घरातल्या पुरुषमाणसाला हाक मारावी लागते. ती साखळी आम्हाला सर्वांत आवडली. ज्याने घर चालवले आहे, वस्तू कुठे ठेवली म्हणून सकाळी शोधाशोध केली आहे, त्यालाच ती सुचेल.

या टेबलाबद्दल सांगितले जाते ते असे. ग्रे बाईंची बहीण त्यांच्याकडे राहायला आली की तिला अंथरुणातच न्याहारी करायला आवडे. पावाचा चुरा चादरीवर सांडे. बहिणीला उठवून टेबलाशी बसवण्यापेक्षा टेबलच बहिणीपाशी न्यावे, असे ग्रे बाईंनी ठरवले. पलंगावर बसून खाऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. खाणे दस्तरख्वानावर, सगळ्यांनी मिळून. पण बाळंतीण असते, पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगा असतो, उठून बसायलाच दोन माणसे लागणारे आजोबा असतात. त्यांच्या मांडीवर उशी, उशीवर ताट, आणि ताट कलले की अर्धा रस्सा चादरीवर. रुग्णालयात खाटेवर सरकणारे टेबल असते ते याच युक्तीचे, फक्त चाकांवरचे. घरी आल्यावर मात्र पुन्हा उशी आणि ताट.

आयलीन ग्रे यांचा जन्म 9 ऑगस्ट 1878 चा, आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थी गावाजवळच्या ब्राउन्सवुड नावाच्या मोठ्या घरातला. घराणे श्रीमंत. आईकडून स्कॉटलंडमधली सरदारकी आली, तेव्हापासून मुलांचे आडनाव ग्रे झाले. वडील चित्रकार होते. ते बराच काळ घरापासून दूर इटलीत राहिले, पण मुलीच्या हातातली कला त्यांनी ओळखली. अशा घरातल्या मुलीने चांगले स्थळ बघून लग्न करावे, एवढीच त्या काळाची अपेक्षा. आयलीन लंडनला स्लेड या कलाशाळेत दाखल झाल्या आणि तिथून 1902 साली पॅरिसला गेल्या. आईच्या आजारपणासाठी मध्ये लंडनला परत यावे लागले. 1906 पासून मात्र पॅरिस हेच त्यांचे घर झाले. तिथल्या रू बोनापार्त या रस्त्यावर घेतलेले बिऱ्हाड त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही.

चित्रे काढता काढता त्या एका वेगळ्याच कामाकडे वळल्या, ते म्हणजे जपानी लाखकाम. लंडनमध्ये सोहो भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी ते प्रथम हाताळले, आणि पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या तरुण जपानी कारागिराकडे त्या ते वर्षानुवर्षे शिकल्या. लाख म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सावंतवाडीची रंगीत खेळणी येतात. ती लाख किड्यापासून मिळते. जपानी लाख ही एका झाडाचा चीक असते. तिची गंमत अशी की ती कोरड्या हवेत नीट वाळत नाही, दमट खोलीतच वाळते, आणि त्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. एक थर द्यायचा, दिवसेंदिवस थांबायचे, घासायचे, मग पुढचा थर. असे वीस-वीस थर. या चिकाने कातडीवर चट्टे उठतात, खाज सुटते. ग्रे बाईंच्या हातांनाही ते सोसावे लागले. सरदार घराण्यातली मुलगी जपानी कारागिराची शागीर्द होऊन फोड आलेल्या हातांनी लाकूड घासत बसते, हे पॅरिसच्या बड्या मंडळींना चमत्कारिक वाटले असेल. पण काही वर्षांतच तीच मंडळी त्या लाखेच्या पडद्यांसाठी पैसे मोजू लागली. जाक दुसे या प्रसिद्ध कपडेवाल्याने त्यांच्याकडून पडदे आणि टेबले घेतली.

मोरोक्कोचाही एक धागा यात आहे. एव्हलिन वाइल्ड या मैत्रिणीबरोबर ग्रे बाई उत्तर आफ्रिकेत गेल्या आणि तिथल्या बायकांकडून लोकर रंगवायला आणि मागावर विणायला शिकल्या. परत आल्यावर दोघींनी 1910 साली पॅरिसमध्ये गालिचे विणण्याचा कारखाना काढला. ग्रे बाई नक्षी काढायच्या, वाइल्ड बाई विणकाम सांभाळायच्या. पुढे अनेक वर्षे या गालिच्यांनीच धंद्याला हात दिला. लाखेच्या वस्तू घेणारे मोजके होते, गालिचे मात्र विकले जात. ग्रे बाईंच्या चरित्रांत मोरोक्कोच्या त्या उस्ताद बायका 'स्थानिक बायका' एवढ्याच उल्लेखाने येतात. जपानी उस्तादाचे नाव राहिले, या उस्तादणींचे राहिले नाही. पुढे खुद्द ग्रे बाईंच्या नावाचे जे झाले ते वाचताना ही गोष्टही ध्यानात असू द्यावी.

1922 साली त्यांनी पॅरिसच्या एका श्रीमंत रस्त्यावर दुकान थाटले. पाटीवर नाव लावले 'ज्याँ देझेर'. हा ज्याँ कोण? कोणीच नाही. असा माणूस नव्हताच. पुरुषाचे नाव पाटीवर असले की गिऱ्हाईक विश्वासाने आत येते, हे बाईंना ठाऊक होते. देझेर म्हणजे फ्रेंचमध्ये वाळवंट, आणि उत्तर आफ्रिकेचे वाळवंट त्यांना मनापासून आवडायचे. म्हणजे नावातला पहिला अर्धा भाग बाजारासाठी, दुसरा स्वतःसाठी. धंदा म्हणून ते दुकान फार चालले नाही. 1930 मध्ये ते बंद झाले.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक मराठी राजाही होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंदूरला माणिकबाग हा राजवाडा नव्या पद्धतीने बांधून घेतला आणि युरोपातल्या नामवंत कलाकारांचे फर्निचर त्यासाठी मागवले. त्यात ग्रे बाईंची 'त्रांझा' ही खुर्ची होती. जहाजाच्या डेकवर टाकतात त्या आरामखुर्चीवरून तिची कल्पना निघालेली. काळी लाख दिलेले लाकूड, आणि दोन टोकांमध्ये झोळीसारखी लटकणारी गादी. 1980 साली माणिकबागेतले फर्निचर मोनॅकोच्या लिलावात विकले गेले.

आता टेबलाच्या घराकडे येऊ, कारण टेबलाला त्या घराचेच नाव आहे.

ज्याँ बादोव्हिची हे रुमानियातून आलेले वास्तुविशारद पॅरिसमध्ये वास्तुकलेचे एक नियतकालिक चालवत. ग्रे बाईंची आणि त्यांची निकटची मैत्री होती. फर्निचर करता, मग घरच का बांधत नाही, असे त्यांनी सुचवले. बाई तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण नाही. त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां इथे समुद्रालगत उताराची जागा शोधली आणि 1926 ते 1929 या काळात घर उभे केले. त्यातला बराच काळ त्या जागेवरच राहिल्या. गाडी जाईल असा रस्ता नव्हता, सामान ढकलगाड्यांवरून न्यावे लागे.

घराचे नाव ठेवले 'ई-1027'. मोटारीच्या नंबरासारखे दिसते, पण कोडे सोपे आहे. ई म्हणजे आयलीनचे पहिले अक्षर. इंग्रजी मुळाक्षरांत दहावे जे, दुसरे बी, सातवे जी. ज्याँ, बादोव्हिची, ग्रे. त्यांचे नाव मध्ये, बाईंचे दोन्ही बाजूंनी. टेबलही याच नावाने ओळखले जाते.

या घराचे वर्णन वाचताना आम्हाला पानोपानी असे वाटत राहिले की हे बांधणारे माणूस घरात दिवसभर वावरलेले आहे. त्या काळी घर म्हणजे राहण्याचे यंत्र, असा विचार ल कार्बुझिए या मोठ्या वास्तुविशारदाने गाजवला होता. ग्रे बाईंना तो पटत नव्हता. घर हे माणसाच्या अंगाभोवतीचे कवच आहे, असे त्या मानत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी बुचाच्या सालीचा थर बसवला, ताट-वाट्यांचा आवाज होऊ नये म्हणून. आरशाला लहान फिरता आरसा जोडला, डोक्याची मागची बाजू दिसावी म्हणून. त्या भागातल्या बायका उन्हाळ्यात अंगणात रांधतात आणि थंडीत आत, हे पाहून स्वयंपाकघर उघडता येईल असे केले. भिंतीतल्या कप्प्यांवर कशात काय ठेवायचे ते छापाच्या अक्षरांत लिहिले: उश्या, टोप्या, रात्रीचे कपडे. आमच्या ओळखीतल्या कित्येक आपा आणि खाला डब्यांवर चिकटपट्टी लावून हेच करतात. एका खुर्चीला तर बाईंनी एकच हात ठेवला, दुसऱ्या बाजूने माणसाला मोकळे वळता यावे म्हणून.

दारातून आत शिरल्या शिरल्या सगळे घर दिसू नये, हाही त्यांचा आग्रह. प्रवेशाशी आडोसा, वळण, आणि भिंतीवर फ्रेंचमध्ये सूचना: सावकाश आत या. पूर्वीच्या आपल्या वाड्यांत, मोहल्ल्यांतल्या घरांत दरवाजासमोर आडभिंत किंवा चिकाचा पडदा असायचा, तो याच समजुतीने. आजच्या फ्लॅटमध्ये दार उघडले की पाहुण्याला थेट ओट्यापर्यंत दिसते. त्याचे काय करायचे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

याच घरात पाहुण्यांच्या खोलीसाठी ते टेबल होते. गच्चीवर न्यायचे तर उचलून नेता येई, कोचापाशी हवे तर कोचाखाली सरकवता येई. घराला बागकामाची कात्री, दोरी, शिडी लागते तसेच हेही एक अवजार. आज लोक ते दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवतात आणि त्याची उंची एकदा ठरवली की पुन्हा कधी बदलत नाहीत.

आता दुःखाचा भाग. जागेसाठी पैसा ग्रे बाईंचा होता, पण जमिनीची खरेदी बादोव्हिचींच्या नावावर झाली होती. 1932 च्या सुमारास बाई त्या घरातून निघाल्या, आणि घर अर्थातच त्यांच्याकडे राहिले. भांडणाचा, कोर्टाचा प्रश्नच आला नाही. कागद ज्याच्या नावाचा, घर त्याचे. आमच्या वाचक भगिनींना हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. भावाच्या, नवऱ्याच्या, दिराच्या नावावरच्या घरासाठी कोणी दागिने मोडले, कोणी गल्फमधून आलेला पैसा घातला, याच्या हकिकती प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बाईंनी त्याच भागात डोंगरावर कास्तेलार गावाजवळ दुसरे घर बांधले. या वेळी स्वतःच्या नावावर.

ल कार्बुझिए हे बादोव्हिचींचे मित्र. आपल्याकडे चंदीगड ज्यांनी आखले तेच. 1938 मध्ये ते ई-1027 मध्ये राहिले आणि घराची तारीफ करणारे पत्र त्यांनी ग्रे बाईंना लिहिले. त्यानंतर, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी, त्यांनी याच घराच्या पांढऱ्या भिंतींवर मोठमोठी भडक चित्रे रंगवली. त्यांत नग्न बायकांच्या आकृत्याही होत्या. बादोव्हिचींची संमती होती. बाईंना कोणी विचारले नाही. त्यांनी याला नासधूस म्हटले. त्यांचा राग फक्त चित्रांत काय आहे यावर नव्हता. त्या भिंती त्यांनी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या होत्या. समुद्रावरून येणारा उजेड भिंतीवर पडावा, खोली शांत वाटावी, यासाठी वर्षे घालवली होती. दुसऱ्याच्या पूर्ण झालेल्या लिखाणावर जाड शाईने आपली सही करावी तसे हे झाले.

पुढे 1948 मध्ये ल कार्बुझिए यांनी ही चित्रे एका मासिकात छापली तेव्हा घर कोणी बांधले याचा उल्लेखही नव्हता. मग लोक समजू लागले की घर बादोव्हिचींचे, किंवा ल कार्बुझिए यांचेच. कित्येक वर्षे तसेच लिहिले जात होते. त्यांनी त्या घराला लागूनच स्वतःसाठी लाकडी खोपी बांधली, दर उन्हाळ्यात तिथे राहिले, आणि 27 ऑगस्ट 1965 ला तिथल्याच समुद्रात पोहताना वारले. 2016 मध्ये युनेस्कोने त्यांच्या 17 कामांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. चंदीगडची विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाचा परिसर त्यात आहे आणि ती लाकडी खोपीही आहे. शेजारचे घर त्या 17 मध्ये नाही.

दुसऱ्या महायुद्धाने बाईंचे आणखी नुकसान केले. परदेशी म्हणून त्यांना किनारा सोडून आत जावे लागले. कास्तेलारचे घर लुटले गेले, सेंट त्रोपेझमधल्या बिऱ्हाडावर युद्धाचा घाला पडला आणि तिथे ठेवलेली रेखाटने गेली. ई-1027 च्या भिंतींवर सैनिकांनी गोळ्यांचा नेम धरला. बाई साठी ओलांडलेल्या. त्या पॅरिसला परतल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. बांधल्या जाणार नाहीत अशा इमारतींचे नकाशे, नव्या वस्तूंचे नमुने, त्यांचे हात थांबले नाहीत. 1927 पासून घरकामाला असलेल्या लुईज दानी शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होत्या. बाहेरचे जग मात्र त्यांना विसरले होते.

1968 मध्ये जोसेफ रिकवर्ट या अभ्यासकाने इटलीच्या 'दोमुस' मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला. बाई तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. 1972 साली पॅरिसमध्ये दुसे यांच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि बाईंचा जुना लाखेचा पडदा एवढ्या मोठ्या किमतीला गेला की वर्तमानपत्रांनी दखल घेतली. नंतर लंडनमधले फर्निचरचे व्यापारी झीव्ह आराम त्यांच्याकडे आले. तुमच्या वस्तू पुन्हा तयार करू द्या, म्हणाले. 1973 मध्ये करार झाला. पंचाण्णव वर्षांच्या त्या बाईंनी स्वतःच्या देखरेखीखाली टेबलाचे आणि इतर वस्तूंचे तपशील पक्के करून दिले. नळी किती जाड, काच कशी बसवायची, सगळे. आज हे टेबल त्याच परवान्याखाली जर्मनीतली क्लासिकॉन ही कंपनी बनवते.

31 ऑक्टोबर 1976 रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या पॅरिसमध्ये वारल्या. पेर लाशेज या प्रसिद्ध दफनभूमीत त्यांना पुरले, पण ठरावीक मुदतीनंतरचे पैसे भरले गेले नाहीत आणि त्यांची कबर आज ओळखता येत नाही. 2009 मध्ये त्यांची एक जुनी खुर्ची, हातांवर सर्पाकृती कोरलेली, पॅरिसच्या लिलावात 2 कोटी 19 लाख युरोंना विकली गेली. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या वस्तूंचे कायमचे दालन आहे.

घराचे काय झाले? बादोव्हिची 1956 मध्ये गेल्यावर ते विकले गेले, मग पुन्हा दुसऱ्याकडे गेले. त्या मालकाने आतले मूळ फर्निचर विकून टाकले, आणि 1996 मध्ये त्याच घरात त्याचा खून झाला. घर ओसाड पडले, खिडक्या फुटल्या. 1999 मध्ये किनारा जपणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेने ते ताब्यात घेतले. दुरुस्ती कितीतरी वर्षे चालली आणि 2021 मध्ये पूर्ण झाली. आता ते पाहता येते. ल कार्बुझिए यांची चित्रेही तिथे आहेत, कारण आता तीही कायद्याने वारसा ठरली आहेत. त्यांच्या नावामुळेच घर वाचले असेही काही जण म्हणतात. आम्हाला हा हिशेब उलटा वाटतो, पण घर उभे आहे याचा आनंद आहेच.

अस्सल टेबल महाग आहे. त्याच्या नकला जगभर निघतात. त्यांत खीळ सैल असते किंवा खालचे कडे हलके असते, मग काच डगमगते. बहुतेक घरांना अस्सलही नको आणि नक्कलही नको, त्यातली युक्ती पुरेशी आहे. घरात आजारी माणूस असेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एका बाजूच्या आधाराचे साधे लोखंडी टेबल करून घेता येते. वर काचेऐवजी प्लायवूड चालते, आणि घरात लहान मुले असतील तर प्लायवूडच बरे. काच घातलीच तर टफन केलेली घ्यावी. खालचा भाग वरच्यापेक्षा जड हवा आणि निदान तितकाच पुढे आलेला हवा, हे कारागिराला बजावून सांगावे.

आणि मोजमाप देण्याआधी पलंगाखाली हात घालून पाहावे. हल्ली आपल्याकडे खाली सामान भरायचे बॉक्सचे पलंग आहेत, ते थेट जमिनीला टेकतात. त्यांच्याखाली कुठलेच कडे सरकत नाही. तसा पलंग असेल तर आजाऱ्याला जुन्या पायांच्या खाटेवर हलवावे, किंवा खालचा भाग पलंगाच्या पायथ्याकडून दोन्ही बाजूंनी जमिनीवर टेकेल असे पुलासारखे टेबल करून घ्यावे. साध्या पलंगाखाली तीन-चार इंच जागा असली की काम होते. गादीची उंची माणूस बसलेला असताना मोजावी, कारण गादी दबते. आणि खीळ केली तर तिला साखळी जरूर लावून घ्यावी.